अकरा वाजताचा मेसेज

आयुष्यात मी एकच काम जीव ओतून केलं आणि आता त्याच कामाची मला चीड येते. थांबणं स्वस्त करायचं, हे ते काम.

नंदुरबारात एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, हवामानाची गणितं करणारं आमचं केंद्र आहे. पाटी दारापेक्षा लांबलचक, आत माणसं पाच. मी तिथे प्रोग्रॅम लिहिते. जगभरच्या हवामानाचे आकडे रोज पहाटे बाहेरून येतात, पण ते इतके ढोबळ असतात की त्यांच्या लेखी सातपुडा म्हणजे कपाळावरचं एक टेंगूळ. तोरणमाळला पाऊस कोसळतोय आणि खाली शहाद्याला केळीच्या बागेत ऊन आहे, हा फरक त्यांना दिसतच नाही. आमचा प्रोग्रॅम ते आकडे घेतो, आपल्या जिल्ह्यापुरतं बारीक गणित करतो आणि पुढच्या चोवीस तासांत कुठे पाऊस, कुठे ढग, कुठे दव ते सांगतो. त्याला मोठं मशीन लागतं. ते आमच्याकडे नाही. ते इंटरनेटवरून भाड्याने घ्यायचं आणि मिनिटामिनिटाचं भाडं मोजायचं.

पहाटेचे आकडे कधी चारला येतात, कधी साडेपाचला. ते कोणाच्याच हातात नसतं. मी रुजू झाले तेव्हा पद्धत अशी होती की साडेतीनलाच मशीन सुरू करून ठेवायचं. ते आपलं बघत बसायचं, आले का, आले का. तास-दोन तास नुसतं बसून भाडं खायचं. आकडे आले की तासभर गणित, आणि सातच्या आत अंदाज तयार. मला ते बघवायचं नाही. मी हमालाची बहीण. भावाने पाठीवरून पोतं उतरवलं की त्याचे पैसे मिळायचे, पुढच्या ट्रकची वाट बघत बसला त्याचे कोणी दिले नाहीत. रिकाम्या बसलेल्या मशीनला भाडं द्यायचं, हे माझ्या हाडात बसेना.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी कामाला लागले. पहिलं म्हणजे आकड्यांची वाट बघायला मोठं मशीन ठेवणं बंद केलं. त्या जागी जवळजवळ फुकटात चालणारा एक छोटा गजर लावला. तो अर्ध्या अर्ध्या तासाने डोकावायचा आणि आकडे पुरते आलेले दिसले तरच मोठ्या मशीनला उठवायचा. मग मशीन पूर्ण भावाने घेणंही सोडलं. या भाडेवाल्यांकडे बड्या गिऱ्हाइकांनी न घेतलेली, उरलेली मशीनं असतात. ती मातीमोल भावात मिळतात, अट एवढीच की बडं गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटांत उठायचं. एसटीत राखीव सीटवर बसावं आणि ज्याची सीट तो आला की मुकाट उठून उभं राहावं, तसं. अर्ध्या गणितात उठवलं तर केलेलं वाया जाऊ नये म्हणून झालेलं काम दर दहा मिनिटांनी बाजूला साठवायची सोय केली. पुन्हा मशीन मिळालं की तिथूनच पुढे सुरू. पहाटे दोन-तीनदा तरी उठवायचेच. रखडत रखडत गणित साडेदहा-अकराला संपायचं.

बिल तिसऱ्या हिश्श्यावर आलं. केंद्रप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. बाहेरगावच्या एका कार्यशाळेत मी या सगळ्यावर बोलले, नवी साडी नेसून. पडद्यावर शेवटची ओळ होती, ‘थांबण्याची किंमत: शून्य.’ टाळ्या पडल्या. एका प्राध्यापकांनी चहाच्या वेळी येऊन सांगितलं की इतक्या लहान गावातून इतकं नेटकं काम त्यांनी पाहिलं नव्हतं. मी दोन दिवस हवेत होते.

अहवालात एक रकाना होता, विलंबाचा. तिथे मी लिहिलं, ‘स्वीकारार्ह’. कोणी स्वीकारला? मीच. त्याआधी मी एका व्यापाऱ्याला फोन करून रीतसर विचारलं होतं, सातच्या ऐवजी अकराला मेसेज आला तर चालेल का? तो म्हणाला, “चाली ना मॅडम. आमनं काय जास?” मी अहवालात आणखी एक ओळ टाकली की वापरणाऱ्यांशी चर्चा करण्यात आली.

हा व्यापारी मिरचीचा. आमचा अंदाज सगळ्यात जास्त वापरतात ते मिरचीवालेच. दसऱ्यानंतर ओली लाल मिरची गावात यायला लागते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ती वाळत घालतात. त्या जागेला पथारी म्हणतात. एकरच्या एकर जमीन लाल होते. मिरचीचे ढीग संध्याकाळी ताडपत्रीखाली झाकायचे, सकाळी ताडपत्री उचलून मिरची पसरायची, मग बायका बसून ती निवडतात, देठ खुडतात. मजुरी किलोवर. अवकाळी पावसाची एक सर आली तर पसरलेला माल काळा पडतो. तीन-चार वर्षांपूर्वी तसं झालं आणि व्यापाऱ्यांचं मोठं नुकसान झालं. त्यानंतर मार्केट यार्डात आमच्या केंद्राने सभा घेतली. माइक माझ्या हातात होता. मी ठासून सांगितलं, “आकाशाकडे बघून ठरवू नका. आमचा मेसेज आल्याशिवाय ताडपत्री उचलू नका.” त्यांनी ऐकलं. इतकं शब्दशः ऐकलं की तो पथाऱ्यांवरचा कायदाच झाला. आपलं बोलणं लोक ऐकतात याचा मला तेव्हा केवढा अभिमान.

आता भावाचं सांगते. आई-वडील लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. मार्केट यार्डात पोती वाहून मला एमएस्सीपर्यंत शिकवलं. तीन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घशातून नुसता आवाज निघायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील. घरात तो आणि वहिनी, दोघंच. मी कॉलेजजवळ भाड्याच्या खोलीत राहते. दर महिन्याला पैसे द्यायचे, पण ते औषधांत आणि डॉक्टरांत जायचे. घर वहिनीच्या हातावर चालायचं. आणि वहिनी पथारीवर जायची.

तिने सगळं बरोबर बसवलं होतं. सकाळी त्याला पुसून, वळवून, पेज भरवून ती सातला पथारीवर हजर. मध्ये एकदा, दहाच्या सुमारास, शेजारची म्हातारी येऊन त्याला वळवून जायची. तिच्याच्याने एकदाच व्हायचं. बारापर्यंत दिवसाची मजुरी निघेल एवढी मिरची खुडून वहिनी साडेबाराला घरी. पुढचा सगळा दिवस त्याचा. मी रविवारी जायचे. रविवारी पथारी बंद, वहिनी घरात, भाऊ स्वच्छ, अंगाला पावडर, केस विंचरलेले. मला वाटायचं, छान चाललंय.

पौषातली गोष्ट. मधल्याच वारी कसलीशी सुट्टी आली, म्हणून दुपारी दोनला मी तिकडे गेले. दाराला नुसती कडी. आत शिरले तर वास. भाऊ एका कुशीवर पडलेला, खालची गोधडी ओली गच्च. मी त्याला वळवायला गेले तर तो घशातून ओरडला. कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या. जुनी होती. रविवारी ती पांघरुणाखाली असायची. मी त्याला पुसलं, कोरडं केलं आणि वहिनीची वाट बघत बसले. साडेचार वाजले तेव्हा ती आली. तोंडाला फडकं गुंडाळलेलं, डोळे मिरचीने लाल.

मी तिला बसूही दिलं नाही. “वहिनी, भाऊ आठे वल्लामा पडेल शे, आनि तू तठे गप्पा मारत बठेल व्हती?”

तिने तोंडावरचं फडकं सोडलं. “गप्पा नही वं ताई. मेसेज येस तवलोंग बठनं पडस.”

“कोन्हा मेसेज?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवल वाटल्यासारखं. “तुन्हा.”

मी त्या दिवशी खोलीवर कशी आले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सकाळी पथारीवर गेले. आठ वाजले होते. आकाश धुतल्यासारखं निळं, ढगाचा ठिपका नाही, पार सातपुड्याची कड दिसत होती. आणि ताडपत्र्यांच्या कडेने चाळीसएक बायका रांगेत बसल्या होत्या. कोणी पाय पसरून, कोणी गुडघ्यात डोकं घालून. मिरची झाकलेली. मुकादमाच्या हातात मोबाइल. समोर ऊन पडलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण ऊन पडलंय असं आमच्या गणिताने अजून सांगितलं नव्हतं. ते त्या वेळी कुठल्या तरी परदेशी मशीनवरून तिसऱ्यांदा उठवलं गेलं होतं.

मी मुकादमाला म्हटलं, अहो, ताडपत्री उचला ना. तो म्हणाला, “नही मॅडम, तुमीच सांगेल शे ना.” मग हळू आवाजात म्हणाला, “तुमी या वहिनीन्या नणंद ना? ती सांगस सगळास्ले.” मी वहिनीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. या बायांना ती कौतुकाने सांगत होती की हा मेसेज माझी नणंद पाठवते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. ‘पुढील बारा तास हवा कोरडी. माल पसरण्यास हरकत नाही.’ हे वाक्य मी चार वेळा खोडून लिहिलेलं आहे. ‘हरकत नाही’ मला सौम्य वाटलं होतं. बायका गुडघ्यावर हात टेकत उठल्या. चार तास त्या बसल्या होत्या, त्याची मजुरी कोणीच देत नव्हतं, मागतही नव्हतं. मशीन रिकामं बसलं की भाडं पडायचं, म्हणून मी मशीनला झोपवलं होतं. बायका रिकाम्या बसल्या तर कोणाला काही पडत नव्हतं. आणि अकराला काम सुरू केलं की तेवढीच मिरची खुडायला चार वाजायचे. दहापासून चारपर्यंत माझा भाऊ एका कुशीवर पडून राहायचा. मध्येच उठून घरी गेलं तर दुसऱ्या दिवशी पथारीवर जागा मिळत नव्हती.

मी केंद्रप्रमुखांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नाहीत, हेच तर वाईट आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी म्हटलं, सर, पहाटे दीड तास मशीन पूर्ण भावाने घेऊ द्या, मेसेज सातला जाईल. ते म्हणाले, “मॅडम, खर्च कमी केला म्हणून तर पुढच्या वर्षाची मंजुरी मिळाली. तुमच्याच कामाचं उदाहरण दिलंय वरती. आता कोणत्या तोंडाने वाढवून मागू?”

“पण सर, माणसं बसून राहतात.”

त्यांनी एक फाइल काढली, दोन पानं उलटली. “तक्रार आहे का कोणाची? हे बघा, एकही नाही. एक अर्ज आला असता तरी मला वर पाठवता आला असता.”

मग मी न विचारता केलं. चार दिवस मशीन पूर्ण भावाने घेतलं. मेसेज सातला पाच कमी असताना गेला. त्या चार दिवसांत वहिनी साडेबाराला घरी येत होती, आणि शेजारची म्हातारी सांगत होती की भाऊ दुपारभर आवाज न करता झोपतो. मला वाटलं, निभावलं. पाचव्या दिवशी सकाळी वाढीव बिलाची सूचना आपोआप प्रमुखांकडे गेली. ती सूचना जावी अशी सोय मीच करून ठेवली होती, काटकसरीसाठी. त्यांनी पूर्ण भावाचं मशीन घेण्याचा माझा अधिकार काढून घेतला, वर मला मेमो दिला. मी म्हटलं, सर, माझ्या पगारातून कापा. ते म्हणाले, असा कोणताच नियम नाही. मेसेज पुन्हा अकराला यायला लागला. वहिनीला म्हटलं, पथारी सोड, मी सगळा पगार देते. ती म्हणाली, मग तू काय खाशील, आणि एकदा जागा गेली की उन्हाळ्यात मला पथारीवर पुन्हा कोण उभं करील?

मी काय करू शकत होते याची यादी आजही रोज करते. खोली सोडून भावाकडे राहायला जाता आलं असतं. गेले, पण पंधरा दिवसांनी, घरमालकाचा महिना भरल्यावर. नोकरी सोडून त्याच्या उशाशी बसता आलं असतं. ते मनातसुद्धा आणलं नाही. दुपारी सुट्टीत सायकल मारत जाऊन त्याला एकदा वळवून यायचे. एकदाच. तेवढं पुरलं नाही.

जखम आत गेली. ताप चढला, उतरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा तरुण डॉक्टरीण होती. तिने ड्रेसिंग सोडून बघितलं आणि विचारलं, “यांना वेळेवर वळवत नव्हता का?” वहिनी भिंतीला टेकून उभी होती, तिने मान हलवली, कोणत्या बाजूला ते कळलं नाही. उत्तर मी द्यायला हवं होतं. मला विलंबाचा रकाना आठवला. विष रक्तात गेलं होतं. सहाव्या दिवशी दुपारी भाऊ गेला.

मातीला पथारीवरच्या बायका आल्या होत्या. मिरचीचा वास असतोच त्यांच्या लुगड्यांना. एकीने माझा हात धरून म्हटलं, फार शिकवलं तुला भावाने. मला त्या हातातून हात काढून घ्यावासा वाटला. वहिनीने त्यांना काय काय सांगितलं आहे आणि काय सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

तेरावा झाला आणि वहिनी पुन्हा पथारीवर जायला लागली. मी केंद्रात. टेबलावर मेमो, स्क्रीनवर तोच गजर, तीच उरलीसुरली मशीनं. माझं डोकं फिरलं होतं. प्रमुख म्हणाले होते ना, एक अर्ज हवा? मी अर्जाचा मजकूर स्वतः टाइप केला. उशिरा येणाऱ्या मेसेजमुळे मजूर महिलांना रोज चार तास बिनपगारी थांबावं लागतं, वगैरे. खाली सह्यांसाठी चाळीस रेघा मारल्या. तो कागद घेऊन सकाळी पथारीवर गेले. साडेआठ वाजले होते, ऊन चांगलं पडलं होतं, बायका बसलेल्या होत्या. मी वहिनीशेजारी उकिडवी बसले आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, सगळ्यांच्या सह्या, अंगठे, काय असेल ते घे. तक्रार नाही म्हणून ते काही करत नाहीत.

तिने कागदावरून बोटं फिरवली. वाचायला तिला वेळ लागतो. मग म्हणाली, “असाच अरज लिखा व्हता आम्ही. दिवाईनंतर. समदी बायासन्या सह्या व्हत्यात.”

“मंग? कोठे शे तो?”

“मीच फाडी टाका.”

मला समजेना. 

“तुन्ही नोकरी गयी असती ते?” ती म्हणाली. दिवाळीनंतर. म्हणजे जखम व्हायच्या आधी. तो एक अर्ज फाइलीत आला असता तर प्रमुखांनी तो वर पाठवला असता आणि मेसेज सातला आला असता. माझी नोकरीही गेली नसती, फार तर माझा कुठला तरी पेढा हुकला असता. हे मी तिला सांगितलं नाही. कसं सांगणार? मी फक्त पेन काढलं, तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “आते लिख वहिनी. आते कर सही.”

तिने कागदाची घडी घातली, नीट, चार पदरी, आणि पेनासकट माझ्या हातात परत दिली.

“आते कसाले वं ताई? आते माले घर जावानी घाई नही.”

एवढं बोलून ती ताडपत्रीच्या कडेला जरा सरकली आणि मला नीट बसायला जागा करून दिली.